हिशेबाची भिशी

२०२२ च्या मे महिन्यातली दुपार, इंदूरचं ऊन, डोक्यावरचा पंखा गरम हवाच खाली ढकलतोय, आणि मी रामबागेतल्या एका आजींना फोनवर त्यांचा पॅन नंबर मागतेय. आजी ऐंशीच्या पुढच्या. यजमानांच्या पुण्यतिथीला दरवर्षी आमच्या संस्थेला ५०१ रुपये देतात, पाच नोटा नव्या कोऱ्या आणि वरचा एक रुपया वेगळ्या कागदात गुंडाळलेला. "पॅन? तो कशाला गं बाई, मी काय प्लॉट घेतेय का?" म्हटलं आजी, सरकारनं नवीन फॉर्म काढलाय, देणगी देणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, नंबर द्यायचाय. पलीकडनं जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "तीस वर्षं देतेय. बाईंनी कधी विचारलं नाही हो मला."

मी फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावायची हिंमतच होईना.

बाई म्हणजे आमच्या संस्थेच्या संस्थापक, शाळेतनं रिटायर झालेल्या. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली, हजारो घरांचा पगार एका दिवसात थांबला, आणि त्यातल्या काही घरातल्या बायकांसाठी बाईंनी स्नेहलतागंजात दोन खोल्यांत शिलाईचा वर्ग काढला. मग मुलांची अभ्यासिका आली, मग बचतगट. (मिलच्या कामगारांचे थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, पूर्ण ३२ वर्षं, तोवर आमच्या पहिल्या बॅचच्या बायका आज्या झाल्या होत्या.) मी आले २००९ साली, "आठवड्यातनं दोन दिवस वह्या बघ फक्त" असं म्हणून बोलावलेली, आणि अजून वह्याच बघतेय.

तर तो फॉर्म, टेन बीडी. ८०जी, म्हणजे देणगीदाराला करात सूट मिळवून देणारी मान्यता, असलेल्या संस्थेनं वर्षभरात कुणाकडून किती देणगी आली ते सगळं ३१ मेच्या आत इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर चढवायचं, मग त्यातनं प्रत्येक देणगीदाराचं टेन बीई नावाचं सर्टिफिकेट निघतं ते त्याला पोचवायचं, आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. २०२१-२२ हे त्याचं पहिलंच वर्ष. मला कळलं २४ मेला, तेही आमच्या सीए काकांच्या ऑफिसातल्या मुलानं जाता जाता विचारलं म्हणून, "मॅडम, टेन बीडी का डेटा भेज दिया क्या?" माझ्याकडे पावत्या १४३. पॅन होते सतरांवर.

आणि राग कशाचा आला सांगू, त्याच वर्षी मार्चमध्ये मी "संस्थांचं क्षमतावर्धन" नावाच्या तीन दिवसांच्या ट्रेनिंगला जाऊन आले होते. एका हॉटेलचा एसी हॉल, ज्यूटची पिशवी, पिशवीत वही-पेन आणि गळ्यात घालायचं नावाचं कार्ड. माझ्या कपाटात अशा पिशव्या अकरा आहेत, भाजी आणायला फार उपयोगी, बंद मात्र लवकर तुटतात. तीन दिवस आम्ही थिअरी ऑफ चेंज केली, म्हणजे रंगीत चिकट कागदांवर आपल्या कामातनं काय काय बदल होणार ते लिहायचं आणि भिंतीवर लावायचं, मग एकमेकांच्या भिंतीसमोर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मोबाईलवर फोटो काढले आणि चहा पिऊन येतोय तोवर हॉटेलच्या मुलांनी भिंत साफ करून टाकली होती. इंदूर आहे, तर सुक्या कचऱ्याच्या डब्यातच टाकली असणार ह्याबद्दल शंका नाही.

त्या तीन दिवसांत टेन बीडीचा ट पण कुणी काढला नाही.

पण खोटं कशाला बोलू, सगळंच काही वाया नव्हतं. लॉगफ्रेम म्हणून एक चौकट शिकवतात, ती १९६९ साली यूएसएड ह्या अमेरिकेच्या सरकारी मदतसंस्थेसाठी बनली होती म्हणे, म्हणजे वयानं माझ्यापेक्षा मोठी. उभे-आडवे रकाने, भरता भरता डोकं दुखतं. पण ती शिकवणाऱ्या बाईंनी एक सवय लावली, प्रत्येक रकान्यापाशी थांबून विचारायचं, "मग?" चाळीस जणी शिलाई शिकल्या. मग? परत आल्यावर मी हे "मग" घेऊन खरंच वस्तीत गेले, आमच्या ताईंबरोबर घरोघर, तर कळलं की चाळीसपैकी मशीन घरात होतं फक्त नऊ जणींच्या, बाकीच्यांच्या हाताची सवय दोन महिन्यांत गेलेली. त्यानंतर आम्ही वर्ग संपल्यावर मशीन भाड्यानं द्यायला लागलो. तीन दिवसांतनं एक शब्द हाती लागला, पण शब्द कामाचा निघाला.

आता ह्या ताई. आमच्या फील्डवर्कर, २००५ पासून. कुठल्या गल्लीत कुठली पोरगी शाळेतनं बसलीय, कुणाचा नवरा परत प्यायला लागलाय, बचतगटातल्या कुठल्या बाईला चार महिन्यांनी पैसे लागणार आहेत कारण दिराचं लग्न ठरतंय, हे सगळं त्यांच्या डोक्यात. ट्रेनिंगला जायचं म्हटलं की पाठवतात मला. कारण मेल इंग्लिशमध्ये येते, फॉर्म इंग्लिशमध्ये भरायचा, तिथं गेल्यावर बोलायचंही तसंच. एकदा मी हट्टानं ताईंना पाठवलं, दोन दिवस, दुसऱ्या एका शहरात. परत आल्यावर विचारलं कसं झालं, तर म्हणाल्या, "जेवण छान होतं. त्यांनी विचारलं तुमचे स्टेकहोल्डर कोण, मी म्हटलं मॅडमला विचारून सांगते." आम्ही दोघी खूप हसलो त्यावर. नंतर बसमध्ये बसल्यावर मला ते हसू टोचायला लागलं, कारण स्टेकहोल्डर म्हणजे ज्यांच्याशी आपल्या कामाचा संबंध ती माणसं, आणि ज्या बाईला अशी तीनशे घरं नावानिशी माहीत आहेत ती दोन दिवस तिथं गप्प बसून आली, आणि तिला गप्प बसवायला कुणाचे तरी बऱ्यापैकी पैसे खर्च झाले.

पैशाचं बघायला गेलं तर मेख तिथंच आहे. कंपनी कायद्याचं कलम १३५ आलं, १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरला, म्हणजे समाजकामाला, खर्च करणं बंधनकारक झालं, आणि आम्हाला वाटलं चला, आता सुटलो. पीथमपूर इथनं तासाभरावर, कारखानेच कारखाने. मी आणि बाई, तेव्हा बाई होत्या, फाईल घेऊन किती गेटांवर उभ्या राहिलो असू. मंडळी चांगली असायची, चहा द्यायची, पण प्रश्न ठरलेला, एका मुलामागे खर्च किती? दप्तरं घ्या, वॉटर फिल्टर घ्या, बेंच घ्या, त्यावर नाव रंगवता येतं. हिशेब बघणाऱ्या माणसाचा पगार लिहिला की तो आकडा पेनानं गोल करून म्हणणार, "ये तो ओव्हरहेड है मैडम." मी समोरच बसलेली असायची. ओव्हरहेड म्हणजे वरचा खर्च, म्हणजे मीच की हो! आणि कंपनीचा पैसा घ्यायचा तर २०२१ पासून सीएसआर-वन नावाचं रजिस्ट्रेशन लागतं, ते भरायचं कुणी, तर ह्याच ओव्हरहेडनं.

परदेशी देणग्यांचं त्याहून वेगळं. त्याला एफसीआरए कायद्याची नोंदणी लागते, त्या कायद्यातला बदल २०२० च्या सप्टेंबरात आला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरनं २० वर आली, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडायचं, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचा नाही. पेपरात वाचून मी म्हटलं, आपल्याला काय त्याचं, आपल्याकडे कुठे आहे एफसीआरए. पण शेवटचं कलमच आमच्या मुळावर आलं. एक मोठी संस्था आम्हाला दरवर्षी दोन-अडीच लाख द्यायची, त्यांना बाहेरनं यायचे त्यातलेच. ते थांबले. पैसे गेले त्याचं दुःख झालंच, पण त्या पैशाबरोबर दर तीन महिन्यांनी एक दादा यायचे, शर्टाच्या बाह्या दुमडून आमच्या व्हाऊचरच्या गठ्ठ्यात बसायचे, "हे बिल कोणाच्या नावाचं आहे? तारीख कुठाय? हे रोखीत का दिलंत?" असं करत अख्खा दिवस. मला तेव्हा त्यांचा फार जाच वाटायचा. खरं तर माझं सगळं शिक्षण त्या दादांनी केलं, फुकटात, बिना पिशवीचं. मोठ्यानं छोट्याचा हात धरायचा हा जो रस्ता होता तोच त्या कायद्यानं बंद झाला, आणि त्याची बातमी कुठे फारशी वाचल्याचं मला आठवत नाही.

सोशल स्टॉक एक्स्चेंजचंही खूप ऐकलं, म्हणजे शेअरबाजारातच संस्थांनी कामासाठी पैसा उभा करायची जागा. २०१९ च्या बजेटमध्ये घोषणा झाली, २०२३ च्या डिसेंबरात बंगळुरूची उन्नती ही पहिली संस्था लिस्ट झाली, कल्पना मला आवडली सुद्धा. मग अटी बघितल्या, नाव नोंदवायलाच आदल्या वर्षीचा खर्च कमीत कमी ५० लाख पाहिजे. आमचा २६. आम्ही अजून दाराबाहेर चपला काढतोय.

शिकायच्या जागा नाहीत असं नाही, उलट आता खूप आहेत. ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी आणंदची इर्मा तर १९७९ पासून आहे, समाजकार्य शिकवणारी टाटा इन्स्टिट्यूट त्याच्याही कितीतरी आधीपासून, आपल्याकडे भोपाळला अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटी सुरू झाली. माझी भाची अशाच एका ठिकाणी शिकून दिल्लीत एका मोठ्या संस्थेत लागली, हुशार आहे, फोनवर मला सांगते, "मावशी, तुमच्याकडे एचआर पॉलिसी का नाहीये?" मी सांगते, अगं आमच्याकडे एचआर म्हणजे हंडा रिकामा आहे का ते बघणं. हसते बिचारी. पण तिच्यासारखी शिकलेली मुलं आमच्या दोन खोल्यांत येणार नाहीत, आणि आमच्या ताई तिथं जाणार नाहीत, हे दोघींनाही माहीत आहे.

गंमत म्हणजे ह्याच इंदुरात हे काम एकेकाळी अगदी वेगळ्या तऱ्हेनं झालेलं आहे. खंडवा रोडवर कस्तुरबाग्राम आहे, बाहेरगावच्या लोकांना ते फक्त बसस्टॉपचं नाव वाटतं. १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या, देशभरातनं निधी जमला, आणि त्या पैशात पुतळे उभे करण्याऐवजी खेड्यातल्या बायका-मुलांसाठी काम करणाऱ्या ग्रामसेविका तयार करायचं ठरलं. त्या ट्रस्टचं मुख्य कार्यालय हे. माझी एक आत्या तिथं शिकलेली होती. तिची वही मी लहानपणी बघितलीय, सूताचा हिशेब, बाळंतिणीनं काय खावं, तहसीलदाराला अर्ज कसा लिहावा, सगळं एकाच वहीत, एकाच ठसठशीत अक्षरात, आणि मधेच कुठेतरी भजन. कार्यकर्तीला काय काय यावं लागतं ह्याची इतकी नेमकी यादी मी नंतर कुठल्याही पीपीटीत बघितली नाही. आणि आजही इथनं थोडं पुढे, देवास जिल्ह्यात बागलीकडे, नीमखेड्याला समाज प्रगती सहयोगचं बाबा आमट्यांच्या नावाचं केंद्र आहे, तिथं दुसऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना पाणलोटाचं काम शिकवतात. ज्याला बांध घालायचाय त्यालाच शिकवायचं, एवढं साधं गणित आहे ते. हिशेबाच्या वहीला हे गणित कुणी का लावत नाही?

तर परत २४ मे.

मी विजयनगरकडच्या एका संस्थेत फोन केला. त्यांच्या अकाउंटच्या काकूंशी माझी ओळख फक्त सोसायटी रजिस्ट्रारच्या ऑफिसातल्या लाईनमधली, सोसायटी कायद्याच्या धारा २७-२८ ची वार्षिक माहिती जमा करायला दरवर्षी आम्ही तिथं भेटायचो. मला वाटलं होतं म्हणतील बघू नंतर. दुसऱ्या दिवशी साडेदहाला काकू स्कूटीवर हजर, डिकीत लॅपटॉप, डब्यात सेव-परमल. पहिलं वाक्य, "पॅनच पाहिजे कुणी सांगितलं तुला? आधार चालतं, मतदार कार्ड चालतं, रेशनकार्ड पण चालतं." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी त्यांची स्वतःची एक्सेल उघडली, त्यांच्या देणगीदारांची, नावं-नंबर झाकायची सुद्धा त्यांना पडली नव्हती, मीच म्हटलं काकू तेवढं लपवा, आणि रकाना रकाना दाखवला, इथं कोड टाक, इथं पत्ता एकाच ओळीत, इथं स्वल्पविराम आला की फाईल अडकते. दोन दुपारी बसल्या. ३१ तारखेला रात्री दहाला फाईल चढली, पण ओटीपी जाणार अध्यक्षांच्या मोबाईलवर आणि आमचे अध्यक्ष साडेनऊला झोपतात, तर त्यांच्या सुनेला उठवून, सुनेनं त्यांना उठवून, चष्मा शोधून, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी झालं.

रामबागेच्या आजींनी रेशनकार्डाचा नंबर दिला. शेवटचा आकडा तीन की आठ ह्यावर नातवाची साक्ष काढावी लागली. मी त्यांचं सर्टिफिकेट घेऊन स्वतः गेले, त्यांनी उलटसुलट बघितलं, म्हणाल्या ह्याचं काय करायचं, आणि देवाच्या फडताळात ठेवून दिलं.

त्या जूनमध्ये मी काकूंना म्हटलं, तुम्हाला जे येतं ते मला येत नाही, मला जे येतं त्यातलं काहीतरी तुम्हाला येत नसेलच ना? तर म्हणाल्या, "पगारपत्रक. दर महिन्याला रडते मी." आणि त्यातनं सुरू झालं. आधी आम्ही दोघी, मग रजिस्ट्रारच्या लाईनमधल्याच आणखी तिघी, मग एक भिया (इंदुरात भैयाला भिया म्हणतात) आले, एका वृद्धाश्रमाचे हिशेब बघणारे. आज आम्ही नऊ संस्थांचे लोक आहोत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी भेटतो, दर वेळी वेगळ्या ऑफिसात, आणि पद्धत सगळी भिशीची, चिठ्ठी निघते, ज्याचं नाव निघालं त्यानं पोहे करायचे आणि त्याचीच अडचण त्या दिवशी सगळ्यांनी मिळून सोडवायची. नियम दोनच. स्वतःची फाईल आणायची, नुसतं तोंड घेऊन यायचं नाही. आणि साहेबाला आणायचं नाही.

साहेब नसला की काय होतं बघा. एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या संस्थेचं १२एबी, म्हणजे संस्थेला इन्कम टॅक्समधून सूट देणारी नोंदणी, प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरती आहे हे त्यांना माहीतच नव्हतं, कागद फ्रेम करून लावलेला भिंतीवर, आम्ही पोहे खाता खाता वाचला तर मुदत संपायला थोडेच महिने बाकी. तिथल्या तिथे ती नोंदणी नियमित करायचा टेन एबीचा अर्ज भरायला घेतला. दुसऱ्या एकीनं हळूच विचारलं, दोन हजाराच्या वरची रोख देणगी ८०जीत चालत नाही तर लोक तीन वेगळ्या पावत्या मागतात, तुम्ही काय करता? असा प्रश्न हॉटेलच्या हॉलमध्ये माईक हातात घेऊन कुणी विचारेल का? इथं विचारला, आणि त्यावर तासभर भांडण झालं, खरं भांडण, एक जण तर चहा न पिता गेले. पुढच्या महिन्यात परत आले. संस्था एकमेकींच्या स्पर्धेत असतात हो, तोच पीथमपूरचा गेट, तेच दोन टक्के, त्यामुळे आपली फाईल दुसऱ्यासमोर उघडायची म्हणजे तिजोरी उघडल्यासारखं वाटतं. पहिले सहा महिने सगळे आपापल्या फाईलीवर हात ठेवून बसायचे, ते मला आठवतं.

एका मोठ्या संस्थेच्या मॅडमना कुठूनतरी कळलं तर म्हणाल्या, किती छान, ह्याचं मॉडेल डॉक्युमेंट करा ना, आपण फंडिंगला टाकू. आम्ही नाही म्हटलं. कदाचित चूक केली असेल. पण फंडिंग आलं की बॅनर येतो, बॅनर आला की साहेब येतो.

२०२४ च्या मे महिन्यात चिठ्ठी माझी निघाली. आमच्या ताईंना त्या जूनमध्ये साठ पूर्ण होणार होती आणि त्या थांबते म्हणाल्या होत्या, गुडघे जिने चढू देत नाहीत. माझी अडचण एवढीच होती की त्यांना देताना काय द्यायचं. शाल-श्रीफळ, साडी, ते ठरलेलंच. पण मी ग्रॅच्युइटीचा हिशेब कधी केला नव्हता, कारण आमच्याकडे पगार नसतोच, मानधन असतं. सगळ्याच छोट्या संस्थांत असतं. मानधन म्हटलं की पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, रजेचा हिशेब नाही, आणि शब्द इतका गोड की मागणाऱ्यालाच लाज वाटावी. बाईंनी हा शब्द वापरला तेव्हा त्या स्वतः एक पैसा घेत नव्हत्या, म्हणून त्यांच्या तोंडी शोभायचा. आम्ही तो तसाच पुढे चालवला. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात तेव्हा दहा माणसांची अट होती, आणि वॉचमन धरून आम्ही अकरा.

वृद्धाश्रमवाले भिया म्हणाले, "पगार समजून करून तर बघ, काय जातंय." भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं. शेवटचा महिना ९,०००. पंधरा दिवसांचे, महिना सव्वीस दिवसांचा धरून, गुणिले एकोणीस वर्षं. काकूंनी मोबाईलवर केलं, मी पेननं केलं, दोन्हीकडे तेच आलं, ९८,६५४.

आमच्या खात्यात तेव्हा, सगळं मिळून, एक लाख बारा हजार होते आणि जूनचं भाडं द्यायचं होतं.

कुणी काही बोललं नाही. पोहे गार होत होते. मग नंदानगरकडनं येतात त्या बाईंनी त्यांची फाईल पुढे ओढली आणि म्हणाल्या, "माझ्याकडे दोघी आहेत, बावीस वर्षांच्या," आणि माझ्या हातातलं पेन मागितलं. त्यांच्या शेजारची म्हणाली माझ्याकडे एक, पण तिला पाच हजारच देतो. त्या एका पानावर जागा पुरेना, मग मी मार्चचं पण फाडलं.